दख्खनचा लांडगा आणि कर्नल साइक्स

दख्खनच्या माळरानावरील लांडग्याला येथील धनगर शतकानुशतके ओळखत आला आहे. शास्त्राच्या दप्तरात मात्र त्याची स्वतंत्र नोंद झाली ती १८३१ साली. ती करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे पेशाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील ते अधिकारी. सरकारसाठी आकडेवारी गोळा करणे हे त्यांचे काम. त्या नोंदीचे पुढे काय झाले, याचा विचार करण्याची वेळ आज आली आहे.

साइक्स यांचा जन्म १७९० सालचा, इंग्लंडातील यॉर्कशायरचा. मिसरूड फुटण्यापूर्वीच ते कंपनीच्या नोकरीत शिरले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते आणि १८१७ साली पेशवाईचा शेवट करणाऱ्या खडकी व पुण्याच्या लढायांतही होते. ज्या मुलखाचे राज्य बुडविण्यात त्यांनी हातभार लावला, त्याच मुलखाचा बारकाईने अभ्यास करण्याचे काम पुढे त्यांच्याकडे यावे, हा इतिहासातील एक विचित्र योग होय. १८२४ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील लोकसंख्या, जमीनधारा, पिके व हवामान यांची माहिती त्यांनी जमविली. १८२९ च्या अखेरीस सरकारने ही जागाच रद्द केली. तथापि साइक्स यांनी लष्करी कामातून रजा घेऊन अहवाल पुरा केला आणि १८३१ च्या प्रारंभी मायदेशाची वाट धरली.

खानेसुमारी करणाऱ्या या माणसाची नजर केवळ माणसांवर आणि शेतांवर नव्हती. पशू, पक्षी आणि नद्यांतील मासे यांचीही त्यांनी टिपणे केली, नमुने मिळविले आणि लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यांच्या याद्या मांडल्या. गावकरी ज्या नावाने प्राण्याला ओळखत, ते नाव टिपून ठेवण्याची त्यांची रीत होती. दख्खनच्या रानकुत्र्याचे वर्णन करताना कोळसून हे मराठी नाव त्यांनी दिले, आणि लांडग्याची नोंदही लांडगा म्हणूनच केली. शास्त्रीय नाव ठेवले ते कॅनिस पॅलिपीस, म्हणजे फिकट पायांचा. हा प्राणी उघड्या, खडकाळ माळावर विपुल आढळतो, घाटातील दाट झाडीत आढळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही त्यात फारसा फेरफार करावा लागत नाही. बदल झाला आहे तो विपुल या शब्दात.

इंग्लंडात साइक्स मोठ्या मानाच्या पदांवर चढले. १८३४ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला, १८५६ साली ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात लांडग्याच्या नशिबी दुहेरी आपत्ती आली. एक होती बंदुकीची आणि विषाची. सरकारी बक्षिसांच्या आमिषाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. दुसरी आपत्ती कागदावरची. ब्लॅनफर्ड यांनी १८८८ साली साइक्स यांची स्वतंत्र जात मान्य ठेवली होती. परंतु विसाव्या शतकात पोकॉक यांनी तिला युरोप-सायबेरियातील करड्या लांडग्याची एक पोटजात ठरविले, आणि तेच वर्गीकरण रूढ झाले. जगभरच्या यादीत करडा लांडगा सुरक्षित मानला जातो. त्या एका शिक्क्याखाली दख्खनच्या लांडग्याची दैना कित्येक दशके झाकली गेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले. त्यानंतर २००३-०४ पासून झालेल्या आनुवंशिक अभ्यासांनी साइक्स यांची बाजू बरीच सावरली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने तर भारतीय लांडग्याचा वंश हा जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक असल्याचे दाखविले. ही स्वतंत्र जात मानावी की नाही, हा वाद शास्त्रज्ञांनी खुशाल चालू ठेवावा. देशात असे लांडगे सुमारे तीन हजारच उरले असावेत, ही बाब मात्र वादाच्या निकालासाठी थांबणारी नाही.

या लांडग्यांतील बहुतेक अभयारण्यांबाहेर, माळावर राहतात. तो माळ सरकारी कागदोपत्री पडीक गणला जातो. पडीक म्हटले की तेथे झाडे लावावी, कारखाना काढावा किंवा वीजप्रकल्प उभारावा, याला कोणाची हरकत उरत नाही. शिवाय गावोगावच्या मोकाट कुत्र्यांमुळे रोग आणि संकर या दोहोंचे संकट आले आहे. पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे सिद्धही झाले आहे. बंदुकीने जे साधले नाही, ते अशा संकराने साधेल आणि साइक्स यांनी ठेवलेले नाव धारण करणारा प्राणीच उरणार नाही.

यावरचे उपाय अवघड असले तरी अज्ञात नाहीत. माळाला पडीक न म्हणता गवताळ प्रदेश म्हणून नोंदवावे, मोकाट कुत्र्यांची संख्या व रोग आटोक्यात आणावेत, आणि मेंढी गमावणाऱ्या धनगराला भरपाई विनाविलंब द्यावी. लांडग्याचा उपद्रव सोसूनही त्याला आजवर जगू दिले ते मुख्यतः त्या धनगरानेच. साइक्स यांची पहिली निष्ठा सरकारी महसुलाशी होती, हे खरे. पण त्यांच्या वहीत माणूस, पीक, पाऊस आणि लांडगा यांना शेजारी शेजारी जागा होती. आपल्या आजच्या नोंदवहीत माळाला आणि लांडग्याला ती मिळत नाही, ही उणीव परक्या राजवटीच्या माथी मारता येणार नाही.