पंडिता रमाबाई

सन १८८२ मध्ये पुण्यात एक सरकारी आयोग आला होता. देशातील शिक्षणाची पाहणी करून सरकारने काय करावे, हे सुचविणे त्याचे काम होते. डॉ. हंटर हे त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्यासमोर चोवीस वर्षांची एक विधवा साक्ष देण्यास उभी राहिली. मुलींसाठी शिक्षिका तयार कराव्यात, त्यांना शिष्यवृत्त्या व पुरेसे वेतन द्यावे, मुलींच्या शाळांवर स्त्री निरीक्षक नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे, असे तिने मराठीतून निर्भयपणे सांगितले. शिक्षणासाठी नुसती सदिच्छा पुरत नाही, पैसाही खर्चावा लागतो, हे तिने ओळखले होते. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते मुलीला शिकविले. पुढे दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपले. भावासह पायी हिंडत रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु लवकरच भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. जवळ उरली ती मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

डॉक्टर होऊन भगिनींची सेवा करावी, या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते आणि त्यामुळे वैद्यकीचे दार त्यांना बंद झाले. ज्या शिक्षणाची मागणी त्यांनी आयोगापुढे केली होती, तेच त्यांना मिळाले नाही! रमाबाई खचल्या नाहीत. इंग्लंडमधील एका महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. पुढे अमेरिकेत हिंडून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

काही वर्षांनी पुन्हा भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे निराधार मुलींना आणले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. १९०० पर्यंत तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. त्यांत अंध मुलीही होत्या. अंध मुलीला अन्नवस्त्र दिले म्हणजे कर्तव्य संपले, अशी त्या काळी समजूत होती. रमाबाईंना ती मान्य नव्हती. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या होत्या. या लिपीत सहा टिंबांच्या निरनिराळ्या मांडणीतून अक्षरे बनतात. कागदावर उठलेली ती टिंबे बोटांनी चाचपून वाचतात. केडगावच्या अंध मुली अशा रीतीने वाचू लागल्या.

हे कार्य मुख्यतः दानावर चाले. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. एका व्यक्तीचे आयुष्य कितीही मोठे असले तरी ते संपते. म्हणून असे काम सर्व समाजाने उचलावे लागते. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अपंगत्वाच्या प्रसंगी साहाय्य देण्याची आणि शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. मात्र आर्थिक क्षमतेची मर्यादाही घातली. १९९५ च्या कायद्याने अपंग बालकांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याचे ठरविले. २०१६ च्या कायद्याने जवळच्या किंवा विशेष शाळेत असे शिक्षण घेण्याचा त्यांचा हक्क अधिक स्पष्ट केला.

मुंबईच्या देवनारमधील असो वा केडगावची, अंध मुलगी शाळेच्या दाराशी येते तेव्हा ती भिक्षा मागत नाही, आपला हक्क मागते. ते दार उघडताच तिला शिक्षक आणि पुस्तक मिळावे, यासाठी रमाबाईंनी सरकारकडे केलेली मागणी आजही आठवावी लागते.