महायुद्धाच्या छायेत उभी राहिलेली आळंदीची पाठशाळा

शके १८३९चा गुढीपाडवा, अर्थात २४ मार्च १९१७. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. अवघ्या तेरा दिवसांपूर्वी ब्रिटिश फौजांनी बगदाद काबीज केले होते आणि त्या फौजांमध्ये भारतीय सैनिकांचा मोठा भरणा होता. देशातील तरुणांना पलटणीत भरती होण्याचे आवाहन सरकार करीत असतानाच, त्या पाडव्याच्या मुहूर्तावर इंद्रायणीकाठी आळंदी येथे एक आगळी शाळा सुरू झाली. तिला फी नव्हती आणि तिच्या शिक्षणाने सरकारी नोकरीही मिळणार नव्हती. या शाळेचे नाव वारकरी शिक्षण संस्था आणि तिचे संस्थापक विष्णुबुवा जोग. महाराष्ट्र त्यांना जोग महाराज म्हणून ओळखतो.

विष्णुबुवांचा जन्म १४ सप्टेंबर १८६७ रोजी पुण्यात झाला. वडिलांचे नाव नरसोपंत. तरुण वयात विष्णुबुवांना मल्लविद्येचा छंद होता. तालमीत कमावलेले शरीर, कडक शिस्त आणि आजन्म ब्रह्मचर्य ही त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची वैशिष्ट्ये पुढे त्यांच्या शाळेच्या वळणातही उतरली. परमार्थाची ओढ लागल्यावर त्यांनी कोणा देहधारी गुरूकडून अनुग्रह घेतला नाही. आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपुढे जाऊन त्यांनी स्वतःच तुळशीची माळ गळ्यात घातली. तेव्हापासून पंढरीची वारी, ग्रंथांचे चिंतन आणि कीर्तन-प्रवचन हेच त्यांचे जीवन झाले.

ग्रंथ सामान्यांच्या हाती

संतवाङ्मय शुद्ध स्वरूपात आणि अर्थासह सामान्य माणसापर्यंत पोहोचावे, ही जोग महाराजांची तळमळ होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी सिद्ध केलेली तुकाराम महाराजांची सार्थ गाथा वारकऱ्यांच्या घरोघरी पोहोचली. अमृतानुभव, हरिपाठ, चांगदेवपासष्टी या ग्रंथांवरही त्यांनी काम केले. तथापि, ग्रंथ छापून भागत नाही, ते समजावून सांगणारी माणसेही घडवावी लागतात, हे गावोगावच्या कीर्तनांच्या निमित्ताने हिंडताना त्यांना दिसून आले होते.

त्या काळी कीर्तनाची विद्या प्रामुख्याने फडांच्या आणि घराण्यांच्या परंपरेतून पुढे जात असे. वडीलधाऱ्यांच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचे, ऐकत ऐकत अभंग पाठ करायचे आणि पुढे आपणही उभे राहायचे, ही रीत होती. या रीतीने परंपरा जिवंत ठेवली, हे खरे. परंतु ज्याच्या घरात परंपरा नाही, त्या शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या हुशार मुलाने शिकायचे कोठे, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. शिवाय कीर्तन हे पोटापाण्याचे साधन होऊ लागले की त्यातील परखडपणा हरपतो, असे जोग महाराजांचे मत होते. स्वतः ते कीर्तनाचे द्रव्य घेत नसत.

स्वदेशीचे पुरस्कर्ते असलेल्या जोग महाराजांचा लोकमान्य टिळकांशी स्नेह होता. राष्ट्रीय शिक्षणाची चर्चा त्या काळात जोरात होती. आळंदीपासून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाडे येथे विष्णु गोविंद विजापूरकर यांनी चालविलेले समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले होते. सरकारी अनुदानावाचून आणि सरकारी परीक्षांवाचून शाळा चालविणे किती बिकट असते, याचे ते ताजे उदाहरण होते. अशा परिस्थितीत जोग महाराजांनी आळंदीचे ठिकाण निवडले. सोनोपंत तथा मामासाहेब दांडेकर, बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, लक्ष्मणबुवा इगतपुरीकर अशी निष्ठावंत मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्या पाडव्याला सोनोपंतांच्या वयाला २१ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

मधुकरीवर चालणारी शाळा

संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या, तुकाराम महाराजांची गाथा, एकनाथी भागवत, भगवद्गीता आणि वेदान्ताची मूलतत्त्वे हे त्याचे अंग. गायनाच्या चाली, टाळ आणि मृदंग यांचे शिक्षण त्याच्या जोडीला. संथा घ्यायची, पाठांतर करायचे, अर्थ लावायचा आणि मग तो श्रोत्यांपुढे मांडायचा, असा हा क्रम. केवळ गोड गळ्यावर किंवा केवळ पाठांतरावर कीर्तनकार होता येत नाही, हा धडा येथे पहिल्यापासून गिरवून घेतला जाई.

जातीच्या किंवा ऐपतीच्या कारणावरून शिक्षण नाकारायचे नाही, हे संस्थेचे धोरण होते. विद्यार्थ्यांनी गावात घरोघर जाऊन मधुकरी मागावी आणि मिळेल ते अन्न खाऊन अध्ययन करावे, ही तिची रीत. मधुकरी ही गरिबाच्या मुलासाठी सोय होती आणि सधन घरातून आलेल्या मुलासाठी अहंकार गाळणारी शिकवणही होती. दारोदार झोळी घेऊन फिरताना सारे विद्यार्थी एका पंक्तीत येत. इतर शाळांतून गणवेश, खेळांचे सामने आणि निकाल यांतून शाळेचा अभिमान जोपासला जातो. आळंदीच्या या शाळेत तो समान उपासातून आणि समान घासातून निर्माण झाला.

मात्र मधुकरीवर चालणाऱ्या शाळेचे भवितव्य गावाच्या चुलीशी बांधलेले असते आणि महायुद्धाच्या त्या वर्षांत चुली पेटत्या ठेवणे सोपे नव्हते. जिनसांचे भाव चढत होते. चांदीच्या तुटवड्यामुळे सरकारला ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. खेड्यातील माणसाला रुपया म्हणजे चांदीचे नाणे एवढेच ठाऊक होते, त्याच्या हाती आता कागद आला. मराठा पलटणींतील जवान मेसोपोटेमियात लढत होते. एप्रिल १९१६ मध्ये कुट येथे शरण आलेल्या सैन्यातही मराठा जवान होते आणि त्यांपैकी अनेकांच्या घरी खुशालीचे पत्रही येत नव्हते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून चालू असलेला दारूगोळ्याचा कारखाना तर आळंदीपासून काही कोसांवरच होता.

त्यातच १९१८ साली पावसाने दगा दिला आणि त्या वर्षीच्या उत्तरार्धात इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात हाहाकार उडविला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य घरांत विजयाचा आनंद करण्याइतके बळ उरलेले नव्हते. सुमारे १३ लाख भारतीयांनी या युद्धात सेवा बजावली आणि सुमारे ७४ हजार जण परत आले नाहीत. साथीने घेतलेले बळी त्याहून कितीतरी पटींनी अधिक होते. युद्ध, दुष्काळ आणि साथ अशा तिहेरी संकटात ही नवजात शाळा टिकली. तिच्याकडे गंगाजळी नव्हती. ती टिकली याचे श्रेय जोग महाराजांच्या निष्ठेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्यागाला जितके आहे, तितकेच आपल्या घासातला घास झोळीत टाकणाऱ्या घरांनाही आहे.

अपुरा राहिलेला क्रम

युद्ध संपल्यानंतर जोग महाराजांना फारसा अवधी मिळाला नाही. माघ वद्य प्रतिपदेला, ५ फेब्रुवारी १९२० रोजी, आळंदी येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय ५२ वर्षांचे होते आणि संस्थेला तीन वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. चार वर्षांचा जो क्रम त्यांनी आखला, तो पुरा करून बाहेर पडणारा एकही विद्यार्थी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यानंतर सहा महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्यही गेले.

संस्थापकाच्या पश्चात संस्था बंद पडते, हा महाराष्ट्रातील नेहमीचा अनुभव. येथे तसे घडले नाही. सोनोपंत दांडेकरांनी पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून काम करीत असतानाच आळंदीच्या संस्थेची धुरा अखेरपर्यंत वाहिली. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. बंकटस्वामींनी मराठवाड्यात वारकरी विचाराचा प्रसार केला. संस्थेतून बाहेर पडलेल्या कीर्तनकारांनी खानदेश, विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील गावागावांत हरिनाम सप्ताहांच्या निमित्ताने ज्ञानेश्वरी आणि गाथा पोहोचविली. घराण्यात परंपरा नसलेली शेतकऱ्यांची मुले व्यासपीठावर उभी राहिली, हे या शाळेचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल.

२०१७ मध्ये संस्थेने शताब्दी गाठली. एके काळी शेतांनी वेढलेल्या आळंदीच्या एका अंगाला आज पिंपरी-चिंचवडची वस्ती आणि दुसऱ्या अंगाला चाकणचे कारखाने उभे आहेत. गावात वारकरी शिक्षण देणाऱ्या इतरही अनेक संस्था निघाल्या आहेत. हाती टाळ आणि कपाळी गंध घेऊन इंद्रायणीच्या घाटावर जाणारी मुले येथे दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे उभी असलेली कल्पना १९१७ सालची असते. एका महायुद्धात तरुणांना रणांगणाची वाट दाखविली जात असताना, एका मल्लाने त्यांना ग्रंथाची वाट दाखविली. त्या युद्धाच्या खुणा आज फारशा उरलेल्या नाहीत. जोग महाराजांनी दाखविलेल्या वाटेवर मात्र आजही विद्यार्थी चालत आहेत.