पन्नास पौंडांत गेलेली घोडागाडी : फर्गस ह्यूम यांची जीवनकथा



रहस्यकथेची गोडी कोणाला नसते? महाराष्ट्रात बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे घराघरांत पोचली. इंग्रजीत रहस्यकथेचा आणखी एक सौम्य प्रकार आहे. त्यात गोळीबार फारसा नसतो, रक्ताचे पाट वाहत नाहीत. जुन्या वस्तूंचे एखादे दुकान असते. कोणी चांदीची चहादाणी घेऊन येतो, कोणी जुना ग्रंथ, तर कोणी हिरव्या दगडाची मूर्ती. वस्तू नीट पारखली की तिच्या पोटातले गुपित बाहेर पडते. चहा पीत घरातल्या सर्वांनी वाचाव्यात अशा या कथा. अशा कथा फार पूर्वी लिहिणाऱ्यांपैकी एक म्हणजे फर्गस ह्यूम. त्यांचे नाव ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरामुळे जगात गाजले. वस्तूंची पारख करणारी नायिका त्यांनी निर्माण केली, पण स्वतःच्या हातातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूची पारख मात्र त्यांना वेळेवर झाली नाही. त्यांची जीवनकथा आज आपण पाहू.

ह्यूम यांचा जन्म ८ जुलै १८५९ रोजी इंग्लंडमधील पॉविक या गावी झाला. त्यांचे वडील तेथील मनोरुग्णालयात नोकरीस होते. मुलगा लहान असतानाच कुटुंब समुद्र ओलांडून न्यूझीलंडमधील डनीडिन शहरी गेले. तेथेच फर्गस लहानाचे मोठे झाले, ओटॅगो येथील शाळेत शिकले आणि पुढे विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करून १८८५ साली वकील झाले. घरच्यांना वाटले असेल की मुलगा आता मार्गाला लागला. पण त्यांचे मन कोर्टात रमत नव्हते. त्यांना नाटके लिहायची होती. त्याच सुमारास ते मेलबर्नला आले आणि एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून काम करू लागले.

त्या वेळचे मेलबर्न म्हणजे पैशाने फुललेले शहर. १८५१ साली व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडले आणि जगभरातून माणसांची रीघ लागली. तीस-पस्तीस वर्षांत तेथे मोठ्या इमारती, बँका, नाट्यगृहे उभी राहिली. ह्यूम या नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांकडे आपली नाटके घेऊन जात. परंतु अनोळखी तरुणाचे नाटक वाचण्यास कोणाला सवड नव्हती. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. आधी एक कादंबरी लिहून नाव मिळवावे, म्हणजे नाटकवाले आपणहून दार उघडतील.

पण कोणत्या प्रकारची कादंबरी लिहावी? ह्यूम सरळ एका मोठ्या पुस्तकविक्रेत्याकडे गेले आणि सर्वांत जास्त कोणती पुस्तके खपतात याची चौकशी केली. एमिल गाबोरियो या फ्रेंच लेखकाच्या गुप्तहेरकथा फार खपतात, असे त्यांना कळले. त्यांनी ती पुस्तके विकत आणली, लक्षपूर्वक वाचली आणि त्या धर्तीवर मेलबर्नची कथा लिहायला घेतली. शहराचा गरीब, अंधारा भाग नीट कळावा म्हणून ते रात्री लिटल बर्क स्ट्रीट या गल्लीत हिंडत असत.

त्या कादंबरीचे नाव ‘हॅन्सम कॅबचे रहस्य’. हॅन्सम कॅब म्हणजे दोन चाकांची भाड्याची घोडागाडी. तिच्यात उतारू पुढे बसतात आणि गाडीवान मागे उंच आसनावर असतो. त्यामुळे आत काय चालले आहे ते त्याला सहज दिसत नाही. ह्यूम यांनी नेमक्या याच गोष्टीचा उपयोग केला. मध्यरात्री एक गृहस्थ दारू पिऊन झिंगलेल्या माणसाला गाडीत बसवतो, स्वतःही त्याच्याबरोबर बसतो आणि वाटेत एकटाच उतरून निघून जातो. गाडीवान पुढे जाऊन पाहतो, तर आतला माणूस मेलेला. तोंडावर क्लोरोफॉर्मचा रुमाल! गाडीवान घाबरून गाडी थेट पोलीस चौकीवर नेतो. मेलेला माणूस कोण? त्याला कोणी मारले? येथून श्रीमंतांचे बंगले आणि गरिबांच्या गल्ल्या एकमेकांना कशा जोडलेल्या आहेत, हे लेखक उलगडून दाखवतो. खुनी कोण ते येथे सांगत नाही. ज्यांना वाचायचे असेल त्यांची गोडी जाईल.

पुस्तक लिहून झाले, पण छापणार कोण? ह्यूम यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की प्रकाशक हस्तलिखित उघडून पाहायलाही तयार नव्हते. वसाहतीत राहणारा माणूस वाचण्यासारखे काही लिहूच शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. मित्रहो, ही समजूत आपल्या बेटालाही नवी नाही. चांगले जे काही असेल ते समुद्रापलीकडून येते, आपल्या गल्लीत काय पिकणार, असे म्हणणारे लोक आपल्या वाडवडिलांनीही पाहिले आहेत. ह्यूम खचले नाहीत. त्यांनी १८८६ साली स्वतःच्या खर्चाने ते पुस्तक छापवून घेतले. किंमत ठेवली एक शिलिंग. पहिल्या छपाईच्या पाच हजार प्रती काही आठवड्यांत संपल्याचे सांगितले जाते. लोकांना आपले रस्ते, आपली वर्तमानपत्रे, आपल्या घोडागाड्या पुस्तकात दिसल्या. पुस्तकाचे पहिलेच प्रकरण मेलबर्नच्या ‘आर्गस’ या दैनिकातील बातमीच्या रूपात लिहिलेले आहे. शहर त्या पुस्तकावर तुटून पडले.

आता या जीवनकथेतली मुख्य घटना येते. पुस्तक गाजत असताना काही व्यापारी ह्यूम यांच्याकडे आले आणि त्यांनी पुस्तकाचे हक्क मागितले. ह्यूम यांनी ते पन्नास पौंडांना विकून टाकले. परदेशात हे पुस्तक चालेल असे त्यांना वाटले नसावे. प्रकाशकांनी त्यांच्या कानावर जे घातले होते, ते त्यांच्याही मनात थोडेफार मुरले असेल काय? एक गोष्ट मात्र त्यांनी विकली नाही. ती म्हणजे कथेचे नाटक करण्याचा हक्क. त्यांचा जीव नाटकात होता, म्हणून नाटक त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि पुस्तक सोडून दिले.

विकत घेणाऱ्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८८७ साली तेथे पुस्तक प्रसिद्ध केले. काही लाख प्रती खपल्या. अमेरिकेत खपल्या, इतर भाषांत अनुवाद झाले. त्या लाखांमधला एक पेनीसुद्धा ह्यूम यांच्या खिशात आला नाही. उलट त्यांच्या नावाने मिरवणारे तोतयेही निघाले. नाटक मात्र ऑस्ट्रेलियात आणि लंडनमध्ये चांगले चालले आणि त्याचे पैसे त्यांना मिळाले.

असे फसलेले ह्यूम एकटे नव्हते. त्याच १८८७ साली कॉनन डॉइल यांची शेरलॉक होम्सची पहिली कथा प्रसिद्ध झाली. तिचे सर्व हक्क डॉइल यांनी अवघ्या पंचवीस पौंडांना दिले होते. आणि ज्या घोडागाडीवरून ह्यूम यांचे पुस्तक ओळखले जाते, ती शोधून काढणारे जोसेफ हॅन्सम यांनीही आपला १८३४ सालचा हक्क एका कंपनीस दहा हजार पौंडांना विकला होता. ठरलेली ती रक्कम त्यांना कधीच मिळाली नाही.

ह्यूम १८८८ साली इंग्लंडला गेले. त्याच वर्षी त्यांची ‘मादाम मायडस’ ही बॅलॅरटच्या सोन्याच्या खाणींवरील कादंबरी आली. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. एकंदर सव्वाशेहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. पहिल्या पुस्तकाएवढे यश पुन्हा कधी आले नाही. परंतु या गर्दीत एक पुस्तक असे आहे की ज्यासाठी आजही जाणकार त्यांची आठवण काढतात. ते म्हणजे १८९८ सालचे ‘गहाणवटीच्या दुकानातील हेगार’.

हेगार स्टॅन्ली ही भटक्या जिप्सी जमातीतली तरुण मुलगी. नकोसे लग्न टाळण्यासाठी ती जमात सोडते आणि लंडनच्या लॅम्बेथ भागात जेकब डिक्स या कंजूष म्हाताऱ्याच्या गहाणवटीच्या दुकानात आश्रय घेते. म्हातारा तिला जुन्या वस्तू पारखायला शिकवतो. त्याच्या मृत्यूनंतर खरा वारस सापडेपर्यंत ती ते दुकान विश्वस्ताप्रमाणे प्रामाणिकपणे सांभाळते. मग एकेक गिऱ्हाईक येते. पहिला गिऱ्हाईक फ्लॉरेन्सचा जुना दान्ते ग्रंथ घेऊन येतो. पुढे कोणी अंबरच्या मण्यांची माळ आणतो, कोणी जेडची मूर्ती, कोणी तांब्याची किल्ली, कोणी चांदीची चहादाणी. प्रत्येक वस्तूबरोबर एक माणूस येतो आणि प्रत्येक माणसाबरोबर एक लपवलेली गोष्ट. हेगार शाळेत शिकलेली नाही. तरी ती वस्तू हातात घेते, माणसाचे डोळे पाहते आणि सत्य ओळखते. स्त्रीने गुप्तहेराचे काम करावे, तेही एका गरीब, भटक्या जातीच्या मुलीने, ही त्या काळी मोठी नवलाची गोष्ट होती.

जुन्या वस्तूंचा हा धागा ह्यूम यांनी पुढेही सोडला नाही. १९०५ सालच्या ‘ओपल सर्प’ या कादंबरीत जुनी पुस्तके विकणारा आणि गहाण ठेवून घेणारा एक दुकानदार आहे आणि सर्पाच्या आकाराच्या एका रत्नजडित पिनेभोवती सारे रहस्य फिरते. १९०८ सालच्या ‘हिरवी ममी’ मध्ये एक प्राध्यापक पेरू देशातील प्राचीन ममी मागवतो. पेटी उघडतात तो आत ममी नाही, त्याच्या सहायकाचे प्रेत! आज इंग्रजीत जुन्या वस्तूंच्या दुकानात आणि लिलावात घडणाऱ्या ज्या असंख्य रहस्यकथा निघतात, त्यांची मुळे शोधताना हेगारच्या या लहानशा दुकानापाशी थांबावेच लागते.

ह्यूम यांनी आयुष्याची शेवटची वर्षे एसेक्स परगण्यातील थंडर्सली या गावी शांतपणे घालवली. त्यांनी लग्न केले नाही. उतारवयात ते तरुणांच्या मंडळांत भाषणे देत. १२ जुलै १९३२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. लाखो प्रती खपलेल्या पुस्तकाच्या या लेखकाने मागे संपत्ती फारशी ठेवली नाही.

पण कथेचा शेवट येथे होत नाही. मेलबर्नमध्ये एक शिलिंगला विकलेली ती १८८६ ची पहिली आवृत्ती आज स्वतःच एक दुर्मिळ पुरातन वस्तू झाली आहे. लोकांनी ती वाचली, शेजाऱ्याला दिली, ट्राममध्ये विसरली, फाटली तशी टाकून दिली. आता तिच्या प्रती बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. जे पुस्तक कोणी छापायला तयार नव्हते, त्याची जुनी प्रत आज ग्रंथालये काचेमागे जपतात. ऑस्ट्रेलियात त्यावर मूकपट निघाला, २०१२ साली दूरदर्शनपटही निघाला.

हे ऐकून आपल्याला आपल्याच बेटाची तिकिटे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८४७ साली पोर्ट लुईसमध्ये एक पेनी आणि दोन पेन्स किमतीची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटे प्रत्येकी पाचशे छापली गेली. लोकांनी ती पाकिटांवर चिकटवली आणि पाकिटे फेकून दिली. आज साऱ्या जगात त्यांतली पंचवीस-तीसच शिल्लक आहेत. १९९३ साली मॉरिशसमधील संस्थांनी एकत्र येऊन, मोठी रक्कम मोजून, एक लाल आणि एक निळे तिकीट परत आणले. पोर्ट लुईसच्या ब्लू पेनी संग्रहालयात ती पाहायला मिळतात. आपल्याच घरातून गेलेली वस्तू आपल्यालाच लाखोंच्या मोलाने परत घ्यावी लागली.

म्हणून वाचकहो, पुढच्या रविवारी घरातली जुनी पेटी जरूर उघडा. आजोबांची पोथी, झाकरीची गाणी लिहून ठेवलेली वही, कोकणातून आलेला तांब्या, बोटीने आलेल्या पूर्वजाचा क्रमांक लिहिलेला पिवळा कागद, जे काही सापडेल ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. ही कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, हे मुलांच्या समोर विचारा आणि लिहून ठेवा. कागदावरचा क्रमांक वाचता आला, तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी जपलेल्या आहेत, तेथे शोध घेता येतो. हेगार जसे प्रत्येक वस्तूला बोलते करीत असे, तसे आपल्यालाही करता येईल. त्यासाठी गुप्तहेर असण्याची गरज नाही. फर्गस ह्यूम यांनी पन्नास पौंड घेऊन सही केली तेव्हा त्यांना थांबवणारे जवळ कोणी नव्हते. आपल्या घरात निदान आजी तरी आहे. तिला विचारायला उशीर करू नका.