सासूकडून आलेली तिजोरी देशभर लावली : होळकरांचं घर एकटीनं सांभाळणाऱ्या अहिल्याबाई आणि जालन्याचं अंबड

जालन्याहून अंबडला गेलात की गावाजवळ एक टेकडी दिसते. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून तिच्यावरची देवी मत्स्योदरी. नवरात्रात इथं मोठी यात्रा भरते, जालना जिल्ह्यातूनच नाही तर आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनही लोक पायऱ्या चढून दर्शनाला येतात.

मंदिर कुणी बांधलं असं गावात विचारलं, तर एक नाव हमखास येतं. अहिल्याबाई होळकर. देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, गावातलं खंडोबाचं मंदिरही त्यांचंच, असं इथं सांगितलं जातं.

आता प्रश्न पडतो की अहिल्याबाई राज्य करत होत्या नर्मदेकाठच्या महेश्वरातून. मग त्यांचं नाव मराठवाड्यातल्या अंबडला कसं काय?

तर झालं असं की, अठराव्या शतकात अंबडचा परगणा होळकरांकडे होता. वेरूळही त्यांच्याकडेच होतं. चारी बाजूंनी निजामाचा आणि पेशव्यांचा मुलूख, आणि मधेच होळकरांची ही ठाणी. म्हणूनच वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी होळकरांच्या घरातल्या दोन बायकांची नावं जोडलेली आहेत. एक गौतमाबाई आणि दुसऱ्या अहिल्याबाई. म्हणजे सासू आणि सून.

अहिल्याबाईंची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात या सासूपासूनच करावी लागते.

सासूची तिजोरी

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव जामखेडजवळचं चौंडी. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

मल्हारराव त्या वेळी बाजीराव पेशव्यांचे मोठे सरदार. वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर. घर, कोठार, हिशेब, आल्यागेल्याचं पाहणं हे सगळं गौतमाबाईंच्या हातात. लहानगी अहिल्या याच घरात वाढली, आणि कारभाराचे पहिले धडे तिला सासूकडून मिळाले.

याच सुमारास, १७३४ मध्ये, एक गोष्ट घडली जी पुढं फार कामाची ठरली. पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावानं वेगळी जहागीर दिली. तिला म्हणायचे खासगी.

खासगी म्हणजे काय, तर होळकरांच्या पैशाचे दोन भाग होते. पहिला भाग दौलत. त्यातून फौज पोसायची, मोहिमा करायच्या, पेशव्यांना हिशेब द्यायचा. दुसरा भाग खासगी. त्याचं उत्पन्न घरातल्या मुख्य बाईच्या हातात, आणि तो पैसा कसा खर्चायचा हे तिनं ठरवायचं. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी सुनेकडे आली.

सासऱ्यांनी थांबवलं

त्याआधीच घरावर मोठा घाव बसला होता. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. तिथं तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. मुलगा मालेराव नऊ वर्षांचा आणि मुलगी मुक्ताबाई त्याहून लहान.

रिवाजाप्रमाणे अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. पोटचा एकुलता एक मुलगा गेला, आता सूनही गेली तर या वयात आपण कुणाकडे पाहायचं, अशी विनवणी त्यांनी केली. अहिल्याबाई थांबल्या.

पुढं मल्हाररावांनी सुनेला फक्त घरात ठेवलं नाही. स्वतः मोहिमेवर असताना ते तिला पत्रानं कामं सांगायचे. चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, तोफखान्याची तयारी कर, गोळ्यांची आणि रसदेची सोय लाव, अशा सूचना त्यांच्या १७६५ मधल्या पत्रव्यवहारात सापडतात. त्या काळी सासरा विधवा सुनेला तोफखान्याचं काम सांगतोय, हे लक्षात घ्या.

२० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव गेले. सुभेदारी नातवाकडे, मालेरावांकडे आली. पण वर्षही उलटलं नाही आणि १७६७ मध्ये मालेराव वारले.

नवरा, सासू, सासरा आणि मुलगा. तेरा वर्षांत चौघं गेले.

राघोबादादा फौज घेऊन आले

घरात कर्ता पुरुष नाही म्हटल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं की एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा. म्हणजे नाव त्या मुलाचं आणि कारभार दिवाणाचा. अहिल्याबाईंनी नकार दिला. दिवाणांनी राघोबादादांना गाठलं आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले.

यानंतरचा किस्सा महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो. बाईशी लढून जिंकलात तर त्यात मोठेपणा नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशा अर्थाचा निरोप अहिल्याबाईंनी धाडला म्हणतात. निरोपावरच त्या थांबल्या नाहीत. इतर मराठा सरदारांना पत्रं गेली, फौज तयार झाली, आणि थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली गेली. पेशव्यांनी कौल अहिल्याबाईंच्या बाजूनं दिला. राघोबादादांना माघार घ्यावी लागली.

मग अहिल्याबाईंनी कामाची वाटणी केली. फौजेची आणि मोहिमांची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे. मुलकी कारभार आणि तिजोरी स्वतःकडे. तुकोजी वयानं त्यांच्याहून मोठे असल्याचं सांगतात, तरी ते त्यांना आई म्हणायचे. अर्थात आई म्हटलं म्हणून भांडणं झाली नाहीत असं नाही. फौजेला पैसा कमी पडतो ही तुकोजींची तक्रार आणि आधी हिशेब दाखवा हा अहिल्याबाईंचा हट्ट, यावरून दोघांत बरीच वर्षं कुरबुरी चालल्या. तरीही घर फुटलं नाही.

काशीपासून रामेश्वरपर्यंत

अहिल्याबाईंनी महेश्वरात बसून १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं कारभार केला. पहाटे उठून स्नान-पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, साधं जेवण. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार. संध्याकाळची पूजा झाली की रात्री पुन्हा काम. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत, लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकत. महेश्वरात विणकरांना वसवून त्यांनी हातमागाचा धंदा उभा केला, आजची महेश्वरी साडी तिथूनच आली.

स्वतः विधवा असल्यामुळं दुसऱ्या विधवांचे प्रश्न त्यांना नीट कळायचे. एका सावकाराच्या विधवेला दत्तक घ्यायचा होता आणि परवानगीसाठी अधिकारी तिच्याकडे पैसे मागत होता. बाई महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी दत्तकाला मंजुरी दिली आणि अधिकाऱ्याला काढून टाकलं, असं सांगितलं जातं. वारस नाही म्हणून विधवेची मालमत्ता सरकारजमा करणं सहज शक्य होतं. त्यांनी तो मार्ग धरला नाही.

खासगीच्या पैशावर तुळशीपत्र ठेवून तो त्यांनी धर्मकार्याला वाहिला, अशी आठवण सांगतात. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास बांधलं. सोमनाथला १७८३ मध्ये नवं मंदिर उभं राहिलं. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं. याशिवाय घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रं. यातली बरीचशी ठिकाणं होळकरांच्या हद्दीबाहेर होती. तिथून एक रुपयाचा महसूल येणार नव्हता. पण वाटसरूला सावली आणि पाणी मिळणार होतं. भर उन्हात नांगराला जुंपलेल्या बैलांनासुद्धा पाणी पाजायला त्यांची माणसं शेतांवरून फिरायची म्हणतात.

लेकीनं ऐकलं नाही

मुलगी मुक्ताबाई हा त्यांचा शेवटचा आधार. तिचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. जो या भागातल्या लुटारूंचा बंदोबस्त करेल त्याला मुलगी देईन असा पण अहिल्याबाईंनी केला आणि फणशांनी तो जिंकला, अशी कथा आहे. या जोडप्याचा मुलगा नथ्याबा आजीचा लाडका.

१७९० च्या सुमारास ऐन तारुण्यात नथ्याबा गेला. १७९१ मध्ये यशवंतराव गेले. आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या.

सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी अहिल्याबाईंना केली होती, तीच आता सहासष्ट वर्षांच्या अहिल्याबाई लेकीला करत होत्या. मला एकटीला सोडून जाऊ नकोस. मुक्ताबाई ऐकल्या नाहीत. आई आता थकली आहे, ती गेल्यावर नवरा नाही, मूल नाही, मग जगायचं कुणासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं.

अहिल्याबाई चितेपर्यंत गेल्या. आग भडकल्यावर त्यांचा तोल सुटला, दोन माणसांनी त्यांना धरून ठेवलं. वाड्यावर परतल्यावर तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत, अन्नाला शिवल्या नाहीत.

नंतर त्यांनी मुक्ताबाईंच्या स्मरणार्थ महेश्वरात छत्री बांधायला घेतली आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरातच त्यांचं निधन झालं.

शत्रूनं गोळा केलेल्या आठवणी

अहिल्याबाईंच्या माघारी होळकरांची घडी विस्कटली. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा सगळा मुलूख होळकरांना सोडावा लागला. त्यात अंबड आणि वेरूळही गेलं. पुढं १८२२ मध्ये इंग्रजांनी अंबड निजामाला देऊन टाकलं.

महिदपूरला लढलेला आणि तहावर सही करणारा इंग्रज अधिकारी होता जॉन माल्कम. नंतर माळव्याचा इतिहास लिहायला घेतल्यावर तो अहिल्याबाईंना पाहिलेल्या लोकांकडून आठवणी गोळा करू लागला. आपल्या माणसांनी कौतुक करणं साहजिक, म्हणून त्यानं इतरांकडेही चौकशी केली. सगळीकडून चांगलंच ऐकायला मिळालं. वर दिलेली दिनचर्या, बैलांचं पाणी, मुक्ताबाईंच्या चितेजवळचा प्रसंग, हे बरंचसं आपल्याला माहीत आहे ते त्यानं लिहून ठेवलं म्हणून.

अहिल्याबाईंचा सरळ वंश पुढं चालला नाही. खासगीचं काम मात्र चालू राहिलं. संस्थान विलीन झाल्यानंतर देशभरातली मंदिरं, घाट आणि धर्मशाळा सांभाळण्यासाठी १९६२ मध्ये इंदूरला खासगी ट्रस्ट स्थापन झाला. सासूनं सुनेच्या हाती दिलेल्या तिजोरीचं नाव त्या ट्रस्टमध्ये आजही आहे.

आणि अंबडनं होळकरांनंतर इंग्रज पाहिले, निजाम पाहिला, पुढं औरंगाबाद जिल्हा आणि १९८१ पासून जालना जिल्हा पाहिला. मत्स्योदरीच्या पायऱ्या चढणारा माणूस मात्र अजूनही अहिल्याबाईंचंच नाव घेतो.