पहाटेचे ध्यान आणि हातातला खराटा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मोझरी गावाजवळ गुरुकुंज आश्रम आहे. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला येथे वऱ्हाडातून आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून माणसांचा पूर लोटतो. दिवसभर भजने आणि खंजिरीचा नाद यांनी परिसर दुमदुमत असतो. मात्र दुपारी ४ वाजून ५८ मिनिटे झाली की हा सारा समुदाय एकाएकी स्तब्ध होतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या आश्रमात देह ठेवला. हजारो माणसे शरीर स्थिर आणि मन एकाग्र करून जी मौन श्रद्धांजली वाहतात, तीत महाराजांच्या शिकवणुकीचा अर्धा भाग सामावलेला आहे. उरलेला अर्धा भाग मौनाच्या पलीकडे, कामाला लागलेल्या हातांत आहे. हे दोन्ही भाग एकत्र आणण्यातच त्यांचे आयुष्य खर्ची पडले.

अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव. १९०९ साली बंडोजी व मंजुळाबाई इंगळे यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलाचे नाव माणिक ठेवण्यात आले. घरची स्थिती बेताची आणि शाळेतील शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे न गेलेले. आजोळच्या वरखेड येथे आडकोजी महाराजांचा सहवास त्याला लाभला आणि ‘तुकड्या’ हे नावही तेथेच मिळाले. पुढे भजनांच्या शेवटी हेच नाव येऊ लागले आणि माणिक हे नाव मागे पडले.

कोवळ्या वयातच या मुलाने अरण्याची वाट धरली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या रानावनांत त्यांनी एकांतात साधना केली. योगसाधना आणि ध्यान यांचा अभ्यास त्यांना घडला तो याच काळात. एखादा साधक तेथेच रमला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. आपल्याकडे अरण्यात राहून मनःशांती मिळविणाऱ्यांची परंपरा मोठी आहे आणि समाजाने तिचा आदरच केला आहे. परंतु तुकडोजी महाराजांपुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. डोंगरात बसून मिळालेली शांती खालच्या गावातील कर्जबाजारी, व्यसनाधीन, रोगग्रस्त माणसाच्या काय कामाची? शेत, बैल, लेकरेबाळे सोडून त्याला रानात जाता येत नाही. मग ध्यानाने त्याच्या दारी यावयाचे की त्याने आयुष्यभर ध्यानावाचून राहावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच गुरुकुंज होय. १९३५ साली सालबर्डीच्या डोंगरात मोठा यज्ञ झाला आणि त्याच वर्षी मोझरीच्या माळावर आश्रमाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज वर्ध्याजवळच्या त्यांच्या आश्रमात जाऊन राहिले. ठरलेल्या वेळी प्रार्थना आणि ठरलेल्या वेळी अंगमेहनत हा तेथील क्रम होता. महाराजांच्या मनात जे आकार घेत होते, त्याला या मुक्कामात बळ मिळाले असे म्हणावयास हरकत नाही.

वऱ्हाडची भूमीही या विचाराला अनुकूल होती. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्याला शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून दिली होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके थेट जर्मनीत दाखविली. दुसरीकडे, शेंडगावात जन्मलेले आणि अकोल्याकडील दापुरे गावी मामाच्या घरी गुरे राखीत, शेतात राबत वाढलेले गाडगे महाराज दिवसा गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाने लोकांची मने झाडीत. आखाडा शरीराला घडवीत होता, कीर्तन मनाला जागे करीत होते. तुकडोजी महाराजांनी या दोहोंना रोजच्या दिनक्रमात शेजारी शेजारी आणून बसविले.

त्यांनी सांगितलेला दिनक्रम साधा होता. पहाटे उठावे, गावाने एकत्र बसून सामुदायिक ध्यान करावे. त्यानंतर खराटे घेऊन गावाची सफाई करावी आणि स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून रामधून काढावी. तरुणांनी व्यायामाने शरीर कमवावे. दिवसभर आपापले काम करावे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा सर्वांनी सामुदायिक प्रार्थनेला जमावे. ही प्रार्थना एका जातीची वा पंथाची नव्हती. पाटील आणि मजूर, सवर्ण आणि अस्पृश्य मानले गेलेले बांधव सारख्याच आसनांवर, सरळ रांगांत बसत. पाठ ताठ ठेवून, दृष्टी आवरून, ठराविक वेळ शांत बसणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. आजवर त्याने देवळात हात जोडले होते. स्वतःच्या मनाकडे पाहण्याची सवय मात्र त्याला कोणी लावली नव्हती.

येथे एक शंका सहज येते. दिवसभर नांगर धरणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या माणसाला व्यायामाचा उपदेश कशासाठी? महाराजांच्या मांडणीत त्याचे उत्तर दडलेले आहे. पोटासाठी केलेले कष्ट आणि आरोग्यासाठी केलेला व्यायाम या एकच गोष्टी नव्हेत. कष्टाने कंबर वाकते. विचारपूर्वक केलेला व्यायाम ती सरळ ठेवतो. उलट, गादीवर बसून हिशेब करणाऱ्याला आणि केवळ पुस्तके वाचणाऱ्याला श्रमाची गरज असते. म्हणून एकाच पहाटे गावातील सर्वांच्या हाती खराटा द्यावयाचा. सफाईत शरीर हलते, गाव स्वच्छ होते आणि श्रम हलके मानण्याची खोडही मोडते.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाने या कामाची परीक्षा घेतली. महाराजांच्या भजनांनी चिमूर आणि आष्टी भागातील तरुण पेटून उठले. सरकारने महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. सुटकेनंतर मात्र त्यांचे काम अधिकच पसरले. गावोगावी श्रीगुरुदेव सेवामंडळे उभी राहिली. बाहेरचा पुढारी निघून गेला तरी सायंकाळची प्रार्थना चालू राहिली पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. आरोग्य ही नित्याची सवय आहे आणि सवय एकट्याने टिकत नाही, शेजाऱ्याच्या सोबतीने टिकते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

१९५५ साली त्यांच्या विचारांना ‘ग्रामगीता’ या ग्रंथाचे रूप मिळाले. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांच्या या ग्रंथात प्रार्थनेला जसे स्थान आहे तसेच ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य आणि श्रमसंपत्ती यांनाही आहे. स्वच्छ हवा-पाणी, माफक आहार, नियमित व्यायाम, निर्व्यसनी वागणूक आणि शांत मन यांचा विचार येथे एका सूत्रात येतो. त्याच वर्षी जपानमधील विश्वधर्म परिषदेत त्यांची खंजिरी निनादली. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. पुढे १९६२ आणि १९६५ च्या युद्धप्रसंगी ते सीमेवरील जवानांना धीर देण्यासाठी गेले.

पाश्चात्त्य देशांत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी सजग ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि ‘माइंडफुलनेस’ हा शब्द हळूहळू जगभर पोहोचला. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहरांत या दोहोंसाठी आता वेगवेगळे वर्ग भरतात आणि त्यांचे शुल्कही वेगवेगळे असते. मोझरीच्या माळावर या गोष्टी विनामूल्य, एकत्र आणि गावासह करावयाच्या होत्या. प्रत्येकाने आपापले आरोग्य सांभाळावे, एवढेच महाराजांना पुरेसे वाटत नव्हते. शेजारी आजारी किंवा उपाशी असताना आपल्या स्वास्थ्याला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता.

१९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी अमरावती आणि अकोल्यासह वऱ्हाडातील गावे हादरली. त्यामागे कर्ज, नापिकी आणि भाव ही कारणे आहेत आणि ध्यानाने कर्ज फिटत नाही. तरीही मनातील काळोख घेऊन माणूस जेव्हा एकटा पडतो, तेव्हा रोज सायंकाळी शेजारी बसणारा कोणी असणे आणि आज तो का आला नाही असे कोणीतरी विचारणे, ही लहान गोष्ट राहत नाही.

महाराजांना स्वतःला दीर्घायुष्य लाभले नाही. कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले आणि वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांची जीवनयात्रा संपली. नियमाने जगणाऱ्यालाही आजार गाठतोच, याची ही कठोर आठवण होय. त्यांचे आयुष्य पाहिले असता एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. ध्यान आणि व्यायाम यांच्याकडे त्यांनी वर्षे वाढविण्याची युक्ती म्हणून कधी पाहिले नाही. मिळालेली वर्षे इतरांच्या उपयोगी पडावीत एवढीच त्यांची अपेक्षा होती. दुखणे घेऊनही माणूस अशा अर्थाने स्वस्थ राहू शकतो.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचे खरे स्मारक मात्र गावातच शोधावे लागेल. मोझरीत दरवर्षी ४ वाजून ५८ मिनिटांनी सुरू होणारे मौन काही क्षणांत संपते आणि माणसे आपापल्या गावी परततात. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्या गावात चार माणसे शांत बसतात आणि उठून खराटा हाती घेतात, त्या गावात महाराजांचे काम पुढे चालू असते.