डॉक्टर भाऊ दाजी लाड

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटण नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथील देवीमुळे हा परिसर पाटणादेवी या नावाने खानदेशात प्रसिद्ध आहे. या पाटणच्या भवानीच्या देवळात एक शिलालेख होता. शेकडो वर्षे भाविक आले, देवीपुढे नतमस्तक झाले आणि त्या अक्षरांकडे पाहून परत गेले. त्यांत काय लिहिले आहे, हे कोणास उमगत नव्हते. सन १८६५ मध्ये हा लेख जगातील विद्वानांपुढे आला. तो उजेडात आणणारा पुरुष पेशाने पुराणवस्तूंचा संशोधक नव्हता. तो मुंबईतील एक नामांकित वैद्य होता, आणि पुढे त्या शहराचा नगरपालही झाला. त्याचे नाव डॉक्टर भाऊ दाजी लाड.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म गोमंतकातील पेडणे महालातल्या मांद्रे गावी झाला. घरची स्थिती अगदी बेताची होती. ते लहान असतानाच हे कुटुंब मुंबईस आले. वडील मातीच्या मूर्ती विकून प्रपंच चालवीत. भाऊंस बुद्धिबळाचा मोठा नाद असे, आणि त्या खेळात ते मोठ्यांनाही सहज हरवीत. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या दृष्टीस हे कौशल्य पडले. या मुलास इंग्रजी विद्या द्यावी, असे त्यांनी वडिलांस सुचविले. वडिलांनी तो सल्ला मानला आणि भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात शिकू लागले.

पुढे त्याच विद्यालयात ते शिक्षक झाले. त्या काळी कच्छ व काठेवाड या प्रांतांत मुलींना जन्मताच मारून टाकण्याची दुष्ट चाल काही घराण्यांत होती. तिच्याविरुद्ध लिहिलेल्या निबंधास त्यांना पारितोषिक मिळाले. सन १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. सन १८५१ मध्ये त्या महाविद्यालयातून जे पहिले विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत भाऊ दाजी होते.

थोड्याच काळात त्यांच्या हातास यश आहे, अशी ख्याती सर्वत्र पसरली. धनिक लोक त्यांना आपल्या वाड्यात बोलावू लागले व पैशाचा ओघ सुरू झाला. पण दारिद्र्य कसे असते, हे भाऊंनी लहानपणी भोगले होते. त्यांनी आपले बंधू डॉक्टर नारायण दाजी यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना उघडला. ज्यांच्यापाशी देण्यास काहीच नसे, त्यांनाही तेथे औषध मिळे.

कुष्ठरोग्यांविषयी त्यांना विशेष कळकळ वाटे. त्या काळी या रोग्यांना घरातून व गावातून घालवून देत, आणि त्यांच्या वाऱ्यासही कोणी उभे राहत नसे. भाऊंनी जुने वैद्यकीय ग्रंथ धुंडाळले, वनस्पतींचे गुणधर्म तपासले आणि कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल वापरून उपचार आरंभिले. पुष्कळांना त्याने आराम वाटे. तथापि हा उपाय पुरता सिद्ध होईपर्यंत जाहीर करण्यास ते राजी नव्हते, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. हे संशोधन त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. या तेलाचा उपयोग मात्र त्यांच्यामागेही अनेक देशांत दीर्घकाळ होत राहिला. विसाव्या शतकात अधिक गुणकारी औषधे सापडली, आणि आता हा रोग पूर्ण बरा होतो.

लोकसेवेच्या इतर क्षेत्रांतही ते मागे राहिले नाहीत. सन १८५२ मध्ये लोकांची गाऱ्हाणी इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिचे चिटणीस म्हणून भाऊंनी काम केले. मुलींना शिकविणे हे पाप, असे मानणाऱ्या समाजात त्यांनी कन्याशाळांचा पुरस्कार केला. त्यांचे नाव दिलेल्या एका कन्याशाळेसाठी त्यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी निधी उभा केला. सन १८६९ मध्ये व पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे नगरपाल झाले. हे पद मानाचे होते. नागरिकांच्या जाहीर सभा भरविणे हे त्या अधिकाऱ्याचे एक काम असे.

परंतु या मानाच्या पदावर पोहोचण्यापूर्वी त्यांच्यावर मोठे संकट कोसळले होते. सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नवनव्या कंपन्यांचे भाग विकत घेण्याचे वेड शहरास लागले. सन १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव गडगडले आणि अनेक श्रीमंत रस्त्यावर आले. भाऊंनीही पुष्कळ संपत्ती गमावली. अशा वेळी धर्मकार्य आवरते घेतले असते, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी गरिबांना अंतर दिले नाही, आणि विद्येसाठी चाललेला खर्चही थांबविला नाही.

विद्या हे त्यांचे दुसरे प्रेम होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी सन १८६३ मध्ये वाचून प्रसिद्ध केले. जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या होतकरू तरुणास त्यांनी आश्रय दिला, आणि स्वतःच्या पैशाने त्यास नेपाळपर्यंत लेख शोधण्यास पाठविले. हेच भगवानलाल पुढे थोर संशोधक झाले, आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली.

पाटणचा शिलालेख याच ध्यासाचे फळ होय. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने सन १२०७ च्या सुमारास आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटण येथे मठ स्थापिला, हे त्या लेखावरून कळले. त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेव राजाने दान दिले होते. ज्ञानाचा दिवा तेवत राहावा म्हणून सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलेले ते दान होते. ते पुन्हा जगासमोर आणणारा पुरुषही त्याच वृत्तीचा दाता होता.

मे १८७४ मध्ये डॉक्टर भाऊ दाजींचे निधन झाले. मुंबईच्या भायखळा भागात सन १८७२ मध्ये जे वस्तुसंग्रहालय उघडले, त्याच्या उभारणीसाठी त्यांनी अपार कष्ट घेतले होते. सन १९७५ मध्ये त्या संग्रहालयास त्यांचेच नाव देण्यात आले. मातीच्या मूर्ती विकणाऱ्याच्या या मुलाने धन मिळविले आणि गमावलेही. परंतु रोग्यांना, मुलींना आणि विद्यार्थ्यांना त्याने जे दिले, ते मात्र कधीच बुडाले नाही.