ताराबाई मोडक : आधी शिकणाऱ्या, मग शिकवणाऱ्या

आपल्या मंडळातील ज्या मुली-सुना बी.एड. करीत आहेत, त्यांच्यासाठी ही ओळख.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. राजकोटच्या शिक्षिका प्रशिक्षण कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या आणि मुलांमध्ये बसून नव्याने शिकल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी गावी बालवाडी काढली. गरीब वस्तीतील मुले येईनात, तेव्हा आईबापांना दोष न देता त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे आले. १९५७ मध्ये अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या आदिवासी मुलांत गेल्या. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या.

आम्हा रेल्वेवाल्यांना ठरावीक वर्षांनी रिफ्रेशर कोर्सला जावेच लागते. ताराबाईंना कोणी पाठवले नव्हते. मूल शाळेत आले नाही, की त्या आपलीच पद्धत तपासून बदलत. नव्या शिक्षकांनी एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले.